आठ दिवस वाळलेला रोल

आईला निवृत्त होऊन चार दिवस झाले होते. पाचव्या दिवशी सकाळी तिने डार्करूमचं दार उघडलं.

तोपर्यंत तेहतीस वर्षं आमच्या घरात शांतता नांदली ती निव्वळ वेळापत्रकाच्या जोरावर. आई आठ ते सहा एका औषधालयात कंपाउंडर होती. बाबा त्याच वेळात घराच्या तळमजल्यावर, आजोबांनी सुरू केलेल्या स्टुडिओत. स्टुडिओची पुढची खोली आता माझ्याकडे आहे. तिथे मी संगणकावर पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रं, लॅमिनेशन असलं सगळं करते. मागची जिन्याखालची खोली बाबांची. तिथे लाल दिवा आहे, तीन ट्रे आहेत, फोटो मोठा करायचा एक जुनाट एन्लार्जर आहे, आणि तिथे अजूनही रोल धुतले जातात. त्या खोलीत बाबांशिवाय कुणी जायचं नाही, असा आजोबांच्या काळापासूनचा दंडक.

आईने दारातूनच फळ्यांवरून नजर फिरवली. बाबांचा चेहरा तेवढ्यातच उतरला.

"अहो, ह्या किती बाटल्या आहेत?"

"असतील पंधरा-वीस."

आईने बोटाने मोजल्या. एक्केचाळीस निघाल्या. जॅमच्या बरण्या, केसांच्या तेलाच्या बाटल्या, रंगाचा एक पाच लिटरचा डबा, आणि खिळ्याला टांगलेली, गच्च भरलेली, शेकायची रबरी पिशवी.

"ही मी दोन वर्षं शोधत होते," आई म्हणाली. "माझी कंबर धरली होती तेव्हा सगळं घर पालथं घातलं. काय आहे हिच्यात?"

"फिक्सर. उमटलेलं चित्र पक्कं करणारा. हवा राहत नाही ना त्यात. दाबून बूच लावता येतं." बाबांच्या आवाजात जरा अभिमानच होता.

"आणि लेबलं?"

"लेबलं कशाला? मला माहीत आहे ना."

आईने एक बरणी पुढे केली. बाबांनी झाकण उघडून वास घेतला. "डेव्हलपर. चित्र उमटवतो तो." तिने दुसरी पुढे केली. "हाही डेव्हलपरच. जरा मुरलेला."

"मुरायला ती दारू आहे का? चहासारखा रंग आलाय त्याला."

इथे बाबांची बाजूही सांगायला हवी. बाबा कंजूस नाहीत. पाहुण्यांच्या बाबतीत, पुस्तकांच्या बाबतीत, माझ्या हट्टांच्या बाबतीत त्यांचा हात कायम सैल. पण रसायन ओतून द्यायचं म्हटलं की तोच हात आखडतो. आजोबांच्या वेळी पावडरी मिळता मिळत नसत, तेव्हाची ती सवय. थेंबे थेंबे तळे साचे, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. म्हणून ते एकदम पाच लिटरचा घाणा घालायचे. एकाच वेळी केलं की वाया कमी जातं, हा हिशेब. मापाला कान तुटलेला कप. बाकी अंदाजपंचे. वापरून उरलेलं पुन्हा त्याच डब्यात ओतायचं.

"अहो, डबा अर्धा रिकामा झाला की उरलेल्या अर्ध्यात हवा असते," आई म्हणाली. "हवेने औषध मरतं. हे मी रोज दहा जणांना समजावून सांगत होते, आणि माझ्याच घरात..."

"हे औषध नाही."

"बरोबर. औषध असतं तर एव्हाना कुणी तरी तक्रार केली असती. आणि माझा धुण्याचा सोडा दर पंधरा दिवसांनी संपतो, व्हिनेगरची बाटली बसल्या जागी रिकामी होते, ती कुठे जाते तेही कळलं आज."

"सोड्याने प्रिंटचा डेव्हलपर चालतो आणि व्हिनेगरने तो थांबतो. विकत वेगळं आणायचं कशाला? ही बचतच आहे."

"मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा," आई म्हणाली, आणि दार लावून घेतलं. "जाऊ दे. मी काही बोलत नाही."

आईचं हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात हेडबाई स्टुडिओत आल्या. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, मलाही. वय सदुसष्ट, पण अजून त्या आत आल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्या घर आवरून मुलीकडे राहायला चालल्या होत्या, कायमच्या. जाण्याआधी त्यांना आपल्या दोन धाकट्या भावांबरोबर एक फोटो हवा होता. लहानपणचा तिघांचा फोटो माझ्या आजोबांनी ह्याच स्टुडिओत काढला होता, तेव्हा हाही इथेच, आणि तसाच, रोलवर, काळा-पांढरा.

मागणी साधी वाटते. पण हेडबाईंचे ते दोन भाऊ, एक घड्याळजी आणि एक बसड्रायव्हर, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक शिडी. घड्याळजींनी ती ड्रायव्हरला दिली होती. ड्रायव्हर म्हणत होता, मी परत केली. घड्याळजी म्हणत होते, मग ती गेली कुठे, चालत? हेडबाईंनी तेव्हा ड्रायव्हरची बाजू घेतली, म्हणून घड्याळजींनी त्यांच्याशीही बोलणं टाकलं. पुढे ड्रायव्हरला वाटलं की बाजू पुरेशी जोरात घेतली नाही, म्हणून त्यानेही टाकलं. असे तिघे तीन दिशांना.

त्यांना एका बाकावर बसवायला बाबांना तीन आठवडे लागले. घड्याळजींच्या दुकानात बाबा चार वेळा चांगलं चालणारं घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेले. ड्रायव्हरला गाठायला त्याच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले, दोनदा. शेवटी मंगळवारी सकाळी दहाला तिघे आले. एकाच फुटपाथवरून, वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून.

"त्यांना सांगा, जरा सरका," घड्याळजी बाबांना म्हणाले.

"त्यांना सांगा, बाक संपलाय," ड्रायव्हर बाबांना म्हणाला.

"दोघांनाही सांगा, समोर बघा," हेडबाई म्हणाल्या.

बाबा वाकून वाकून निरोप पोचवत होते. चाळीस मिनिटं हे चाललं. अधूनमधून हेडबाई तोंड उघडायच्या, काही तरी बोलणार असं वाटायचं, आणि पुन्हा ओठ मिटायच्या. मला वाटलं, दमल्या असतील. बारा फोटोंचा रोल होता. बाराही फोटो काढून झाले आणि तिघे आले तसेच निघून गेले.

दुपारी बाबा रोल धुवायला आत गेले. शीळ वाजवत गेले. अर्ध्या तासाने शीळ थांबली.

मी आत डोकावले. बाबांच्या हातात ओला रोल लोंबत होता आणि त्याच्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. हेडबाई नाहीत, घड्याळजी नाहीत, ड्रायव्हर नाही, बाकसुद्धा नाही. खिडकीच्या काचेसारखी कोरी पट्टी.

"कॅमेऱ्याचा पडदा अडकला असणार," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "रोलच सदोष असणार. हल्ली माल कसा येतो!" मग माझ्याकडे वळून, "तू मधेच दार उघडलं होतंस का?"

तेवढ्यात आई आली. तिने हातमोजे घातले, रोल उजेडाकडे धरला आणि त्याचा काठ टोकापासून टोकापर्यंत पाहिला. औषधालयात डॉक्टरांची अक्षरं वाचायची तशी.

"ह्याच्या काठाला कंपनीचे आकडे असतात ना? एक, दोन, तीन?"

"असतात."

"ते कारखान्यातच छापलेले असतात ना? कॅमेऱ्याचा काही संबंध नाही?"

बाबा वाकून काठ बघायला लागले.

"तेही उमटले नाहीत. म्हणजे कॅमेरा निर्दोष, रोल निर्दोष, आणि ही पोरही निर्दोष. अहो, तुमचा डेव्हलपर मेलाय. केव्हा केला होता?"

"फार नाही झाले दिवस." बाबांनी रंगाच्या डब्याकडे पाहिलं. "मागच्या उन्हाळ्यात."

"तळं साचलं," आई म्हणाली, "आणि त्यावर शेवाळही धरलं."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी हेडबाई विचारायला आल्या तेव्हा ते आतल्या आत जिन्याने वर पळाले आणि मला खाली खोटं बोलावं लागलं.

"रोल वाळतोय, बाई."

तिसऱ्या दिवशी घड्याळजींनी फोन केला. "वाळला का?" बाबा म्हणाले, हवा दमट आहे. पाचव्या दिवशी ड्रायव्हरने बस स्टुडिओच्या समोरच उभी केली आणि खिडकीतून ओरडून विचारलं. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बाबा दारात येऊन ओरडले, "अजून थोडा ओला आहे!" बसमधल्या लोकांनाही काळजी वाटल्यासारखी दिसली.

सातव्या दिवशी आईने बाबांना खुर्चीत बसवलं.

"रविवारी त्या गाव सोडून जाणार. उद्या तुम्ही तिघांकडे जाऊन खरं सांगायचं आणि पुन्हा बोलवायचं. पण त्याआधी ही खोली. नाही तर पुन्हा बोलावून पुन्हा कोरी पट्टी द्याल."

"माझ्या खोलीत तू..."

"तुमची खोली, माझी तपासणी. एक दिवस द्या."

आईने जुन्या, न धुतलेल्या खराब रोलचे तुकडे कापले. प्रत्येक बाटलीतलं थोडंसं एका वाटीत घ्यायचं आणि उजेडात त्यात तुकडा बुडवायचा. डेव्हलपर जिवंत असेल तर तुकडा काळा होतो. फिक्सर जिवंत असेल तर दुधी तुकडा दोन-तीन मिनिटांत आरपार दिसायला लागतो. मेला असेल तर तुकडा तसाच, ढिम्म. मी वहीत लिहीत होते. बाबा प्रत्येक वाटीपाशी उभे राहून तुकड्याला धीर देत होते. "होईल, होईल. जरा वेळ दे."

एक्केचाळीसपैकी जिवंत निघाल्या चार, त्यातली एक ती शेकायची पिशवी. "बघ!" बाबा म्हणाले. तो त्यांचा दिवसभरातला एकुलता एक विजय. एका मोठ्या काचेच्या बाटलीवर मात्र काहीच लागू पडेना. काळं होईना, आरपार होईना, वास नाही, रंग नाही. आईने ती हलवली, उजेडात धरली, लिटमस लावून बघितला.

"अहो, हे पाणी आहे."

"हो?" बाबा जवळ आले. "ती बाटली तर तू ह्या घरात आलीस तेव्हापासून आहे."

"द्या ओतून."

"पण चांगलं पाणी आहे ते," बाबा म्हणाले.

मेलेलं सगळं मोरीत जाऊ द्यायला मात्र आई तयार नव्हती. वापरलेल्या फिक्सरमध्ये रोलवरची चांदी उतरलेली असते, ती गटारात गेली की माशांच्या जिवावर उठते. तिने हॉस्पिटलात फोन केला. तिथला रसायनांचा कचरा नेणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. तो दुपारी दोन ड्रम घेऊन आला. ड्रम गाडीत चढत होते आणि बाबा फुटपाथवर टोपी काढून उभे होते. येणारे-जाणारे हळू आवाजात मला विचारत होते, कोण गेलं?

मग आईने तराजू काढला. औषधालयाने निरोपाला दिलेला, दोन पारड्यांचा, पितळी. "आता डेव्हलपर एकच लिटर करायचा. लागेल तेवढंच." पाणी थर्मामीटर लावून कोमट केलं. पुड्या तोलून ओळीने मांडल्या. सगळं कसं हॉस्पिटलासारखं. आणि सल्फाइटची सगळ्यात मोठी पुडी उचलून ती आधी पाण्यात ओतायला निघाली.

"थांब!" बाबा एवढ्याने ओरडले की माझ्या हातातली वही पडली. "आधी चिमूटभर. नुसती चिमूट. मग मेटॉल, ते विरघळलं की मग राहिलेलं सल्फाइट. सगळं आधी टाकलंस तर मेटॉल विरघळतच नाही, तरंगत राहतं. पुढे हायड्रोक्विनोन, सगळ्यात शेवटी बोरॅक्स. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं नाही."

आईने पुडी खाली ठेवली. बाबांकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली. आईने त्यांना नुसतं "बरं" म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग ती तोलत होती आणि बाबा ढवळत होते, काचेच्या कांडीने, हळूहळू, बुडबुडे न येऊ देता. एक लिटर तयार झालं. आईने खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या उकळून आणल्या होत्या, पाव-पाव लिटरच्या चार. प्रत्येक गळ्यापर्यंत भरायची, हवेला जागाच ठेवायची नाही. एका रोलला एक बाटली, तेवढंच पाणी मिसळून. वापरलं की संपलं. चौथी बाटली दोन बोटं कमी भरली, थोडं सांडलं होतं म्हणून. बाबांचा जीव कासावीस. मी वर जाऊन माझ्या लहानपणच्या काचेच्या गोट्या आणल्या. एकेक गोटी आत सोडली तशी पातळी वर चढत गेली, पार बुचापर्यंत. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पदवी मिळाली तेव्हा एवढे खूश झाले नव्हते.

लेबलं आईने लिहिली. तेहतीस वर्षांची सवय. डेव्हलपर. आजची तारीख. बनवणार: दोघे. एका वेळी एक मात्रा. उरल्यास परत बाटलीत ओतू नये. पोटात घेण्याचे नाही. फिक्सर पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून त्याच्या लेबलवर रोलागणिक एकेक रेघ मारायला जागा सोडली. एका बाटलीवर चुकून "जेवणानंतर" असंही लिहिलं गेलं. बाबांनी ते खोडू दिलं नाही.

आठव्या दिवशी बाबा गेले. आधी हेडबाईंकडे. मी बरोबर होते, कारण त्यांना एकट्याने जाववत नव्हतं. घरात सगळीकडे खोकी बांधलेली. बाबा वाटेत पाठ केलेलं भाषण दारातच विसरले.

"बाई, रोल वाळत नव्हता," ते म्हणाले. "रोलवर काही नव्हतंच. माझा डेव्हलपर मेलेला होता. आठ दिवस मी खोटं बोललो."

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी त्या दोघांच्या मधे चाळीस मिनिटं फुकट बसले?"

"हो, बाई."

मला वाटलं, आता बाबांना कोपऱ्यात उभं करणार. पण त्या खोक्यांकडे वळल्या आणि एकाची दोरी उगाच घट्ट केली. मग म्हणाल्या, "उद्या दहाला येते. त्यांनाही आणा."

दुसऱ्या दिवशी तिघेही दहाच्या आधीच हजर. ह्या वेळी फुटपाथवर अंतर नव्हतं, कारण तिघांनाही बाबांना झापायची घाई होती.

"आठ दिवसांत माझा भिजलेला कोट तीनदा वाळतो!" घड्याळजी म्हणाले.

"मी बस थांबवली होती, बस!" ड्रायव्हर म्हणाला. "मला वर जाब द्यावा लागला."

"ह्यांचे वडील असे नव्हते," घड्याळजी म्हणाले, आणि ते थेट ड्रायव्हरकडे बघून.

"नाहीच मुळी," ड्रायव्हर त्यांना म्हणाला. "तो माणूस म्हणजे घड्याळ होता."

दोघेही एकदम थबकले. अकरा वर्षांत एकमेकांशी झालेलं ते पहिलं बोलणं. बाबा मान खाली घालून कॅमेऱ्यात रोल भरत होते. बोलणी खायची त्यांना एवढी हौस असेल, हे मला माहीत नव्हतं.

तिघे बाकावर बसले. बाबा कॅमेऱ्यामागे गेले. आणि हेडबाई म्हणाल्या, "थांबा. ह्या गृहस्थांना चूक कबूल करायला आठ दिवस लागले. मला महिना झाला." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले. "शिडी माझ्याकडे आहे."

दोघे भाऊ एकदम त्यांच्याकडे वळले.

"घर आवरताना सापडली," त्या घड्याळजींकडे बघून म्हणाल्या. " मागच्या कोठीत, कपाटाच्या पाठीमागे. हा तुझ्याकडे द्यायला आला असेल, तुझं दुकान बंद असेल, म्हणून दाराशी टेकवून गेला. मी तेव्हा मुलीकडे होते. किल्ली शेजाऱ्यांकडे होती, रस्त्यावर नको म्हणून त्यांनीच ती माझ्या कोठीत आणून ठेवली असणार. फोटोच्या निमित्ताने सांगावं म्हणून तुम्हाला बोलावलं, आणि त्या दिवशी तोंडच उघडेना."

"मी म्हणत होतो ना, परत केली!" ड्रायव्हर अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढून त्याला किल्ली दिली. त्यांचा जबडा हलत होता. मी बाबांकडे बघितलं, बाबा कॅमेऱ्यामागून आईकडे. आई आतल्या दारात हातमोजे घालून उभी.

"उभी ठेवली होती की आडवी?" घड्याळजींनी शेवटी विचारलं.

"आडवी."

"मग वाकली असणार," घड्याळजी गंभीरपणे म्हणाले. "लाकडाची होती ती."

ड्रायव्हरला आधी हसू फुटलं. मग हेडबाईंना. मी त्यांना शाळेत दहा वर्षं पाहिलं, पण त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. शेवटी घड्याळजीही डोळे पुसत, खांदे हलवत हसायला लागले, आणि बाबांचा कॅमेरा खटाखट वाजत राहिला.

रोल त्याच दुपारी धुतला. बाबांनी बाटलीचं बूच काढलं, आईने थर्मामीटर धरला, मी मिनिटं मोजली. धुवायच्या छोट्या टाकीतून रोल वर काढताना बाबांचे डोळे मिटलेले होते.

"काठावर आकडे आहेत," आई म्हणाली. "आणि आकड्यांच्या मधे माणसंही आहेत."

दुसऱ्या दिवशी प्रिंट काढले. बारातले सहा चांगले होते. पाण्यात तरंगणाऱ्या त्या कागदांवर दोघे लाल उजेडात वाकून उभे होते, कोणता निवडायचा ह्यावर वाद घालत.

"हा नको," आई म्हणाली. "ह्यात ड्रायव्हरचे डोळे मिटलेत."

"एकच डोळा मिटलाय. आणि बाई बघ कशा दिसतात."

"एक डोळा म्हणजे डोळा मारल्यासारखा दिसतो तो. अहो, घरातल्या भिंतीवर लावायचा फोटो आहे."

शनिवारी हेडबाई आल्या. सहाही प्रिंट मी त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी चष्मा लावून एकेक पाहिला आणि एका क्षणात त्या डोळा मारणाऱ्यावर बोट ठेवलं.

"हा. तिघांनाही एकेक. मोठ्या आकारात."

आतल्या खोलीतून बाबांचा खोकला ऐकू आला, मुद्दाम काढलेला. पाठोपाठ आईने जोरात सोडलेल्या नळाचा आवाज.